आईचा नागपूरचा मुक्काम

नागपूर
५ जुलै १९९८

ति. ताईस,
साष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला, पण बातमी ऐकलीस की रागावणार नाहीस. इथल्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत मला सदर मिळालं आहे. दर आठवड्याला चारशे शब्द. नाव 'सोप्या सवयी'. घर सुरळीत चालावं, माणसाने आनंदात राहावं, यासाठी रोजच्या जगण्यात काय काय लहानसहान करता येतं, एवढाच विषय. संपादक म्हणाले, "बाई, उपदेश नको, घरातलं लिहा." मी लगेच हो म्हटलं आणि घरी आल्यावर लक्षात आलं की माझ्या घरात लिहिण्यासारखी एकही सवय नाही. आमच्याकडे रोज सकाळी परेशचा चष्मा सापडत नाही आणि त्यावरून सुरुवात होते.

तेव्हा तू आठवलीस. संगमेश्वरच्या घरी आपल्या दोघींत एकच कपाट होतं. त्यातले आपले दोन कप्पे बघून आई म्हणायची, या एका आईच्या मुली वाटत नाहीत. गेल्या खेपेला वसईला आले तेव्हा त्या दोन खोल्यांत तू, श्रीरंगभावोजी, ऋतिका आणि आई अशी चार माणसं राहत असून मला एकही वस्तू शोधावी लागली नाही. तू काय काय करतेस ते मला सविस्तर लिही. तुला वाटेल, यात कळवण्यासारखं काय आहे. मला तेच हवं आहे.

आई कशी आहे? तिला माझा नमस्कार सांग. ऋतिकाचं बारावीचं वर्ष, तिला शुभेच्छा.

तुझी
मीरा


माणिकपूर, वसई
१८ जुलै १९९८

चि. मीरा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. "माझी मीरा पेपरात लिहिते," असं दुपारभर म्हणत होती. संध्याकाळी विचारलं, "मीरा कोण?" मी सांगितलं. पुन्हा तितकाच आनंद झाला. एका बातमीचा आनंद तिला दोनदा मिळाला असं समज.

सवयींचं विचारलंस. खरं सांगायचं तर हौसेने लावून घेतलेली यात एकही नाही. आईचं विसरणं वाढत गेलं तसतशा त्या लागल्या.

गेल्या वर्षी तिने चहात मीठ घातलं आणि आमटीत साखर. डब्यांवर नावं लिहिली. नाव वाचायची, पण वाचून पुढे काय करायचं ते तिला सुचायचं नाही. मग ऋतिकाने चित्रं काढून चिकटवली. साखरेच्या डब्यावर मुंगी, मिठाच्या डब्यावर लाट. आता आम्ही सगळेच चित्र बघून डबा उघडतो. किल्ल्या दाराशेजारच्या एकाच खिळ्याला लावायच्या. दुसरीकडे दिसल्या की आई उचलते आणि तांदळात पुरते. शेगडी बंद केली तरी सिलिंडरचा रेग्युलेटर फिरवायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "गॅस बंद केला." म्हणजे घरातल्या आणखी एका माणसाने ऐकलेलं असतं. आईचे कपडे खुर्चीवर घालायच्या क्रमाने रचून ठेवते, वर परकर, त्याखाली पोलकं, त्याखाली पातळ. सकाळी तिला कॅलेंडरपुढे उभी करते आणि कालच्या तारखेवर तिच्याच हाताने काट मारायला लावते. मग आजचा वार मोठ्याने म्हणायचा. एवढं केलं की दुपारपर्यंत ती शांत असते.

आणि एकच प्रश्न तिने अकराव्यांदा विचारला तरी पहिल्यांदा दिलं तेच उत्तर द्यायचं, त्याच शब्दांत, त्याच आवाजात. शब्द बदलले की ती घाबरते. ही सवय सगळ्यात अवघड. मला अजून पुरती लागलेली नाही.

आता माझं एक विचारायचं आहे. दिवाळी झाली की दीड-दोन महिने आईला तुझ्याकडे पाठवू का? माझं एक काम अडून राहिलं आहे, ते तेवढ्यात उरकून घेईन म्हणते. हे स्वतः येऊन तिला सोडतील. तुला तिकडून यायची तसदी नको. नाही तरी ती तीन वर्षांत तुझ्याकडे आलेली नाही.

सदराला यश येवो.

ताई


नागपूर
२० ऑगस्ट १९९८

ति. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं असेल. चार लेख त्यातच झाले. कात्रणं सोबत पाठवते. मुंगीच्या चित्राचा लेख संपादकांच्या पत्नीने म्हणे स्वयंपाकघरात लावून ठेवला आहे. वर्ध्याहून एका बाईंचं पत्र आलं की कॅलेंडरवर काट मारायची पद्धत त्यांनी सुरू केली आणि घरात एक उत्साह आला. मला रस्त्यात थांबवून लोक बोलतात, ताई. लग्नाला एकवीस वर्षं झाली, आजवर मला कोणी 'परेशची बायको' याखेरीज ओळखलेलं नव्हतं.

आईचा उल्लेख मुद्दाम केला नाही. आजारपणाचा वास आला की वाचक पान उलटतो, असं संपादकांचं म्हणणं. डब्यांवरची चित्रं मुलांनी गंमत म्हणून काढली असं लिहिलं. तुला चालेल ना?

दिवाळीनंतरचं विचारलंस. त्या सुमारास घराला रंग काढायचं ठरलं आहे. सगळं सामान मधल्या खोलीत येणार, वास, पसारा, अशात तिला कुठे ठेवू? शिवाय अशी माणसं नव्या जागी फार गोंधळतात असं मी नुकतंच एका डॉक्टरांच्या लेखात वाचलं. तू इतक्या कष्टाने तिची घडी बसवली आहेस. तिला तुझ्या घराची, तुझ्या हाताची सवय झाली आहे. ती मोडायची म्हणजे तिच्यावरच अन्याय. तुझं काम काय आहे ते लिही, त्याला दुसरा काही मार्ग निघतो का बघू.

आणखी सवयी आठवतील तशा कळव. दिवाळी अंकासाठी मोठा लेख मागितला आहे.

तुझी
मीरा


माणिकपूर
१२ सप्टेंबर १९९८

चि. मीरा,
आशीर्वाद.

कात्रणं वाचली. तुझी भाषा छान आहे, पहिल्यापासून होती. वाचताना वाटलं, अशा घरात चार दिवस जाऊन राहावं. मग लक्षात आलं की ते माझंच घर आहे.

काम काय ते विचारलंस. मी मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण वाटलं, न सांगता होईल. माझी पिशवी काढायची आहे. आठ महिने अंगावरून जातंय. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, ते सातवर आलेलं आहे. म्हणाल्या, "आता थांबू नका." ऑपरेशननंतर सहा आठवडे वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. आईला न्हाणीत धरून बसवावं लागतं, धरून उठवावं लागतं. पहाटे एकदा उठवलं नाही तर अंथरूण धुवावं लागतं. हे सातिवलीच्या कारखान्यात आठवडाभर दिवसपाळीला, आठवडाभर रातपाळीला. ऋतिकाची बारावी. खालच्या मजल्यावरची कॅथरिन दुपारी तासभर येऊन आईजवळ बसते. ती मूळची नंदाखालची, बागायतीत राबलेली बाई, आईला एका हाताने उचलून बसवते. पण ती स्वतःच्या सासूचं करून दमलेली येते. तिच्याकडून किती घ्यायचं?

परवा आईने ह्यांना ओळखलं नाही. पाळी संपवून आले, तिने दार उघडलं आणि ओरडायला लागली की घरात परका पुरुष शिरतोय. मजल्यावरची माणसं बाहेर आली. ज्यांना माहीत आहे ती आत गेली, ज्यांना माहीत नाही ती ह्यांच्याकडे बघत राहिली. हे मागे फिरून जिन्यात बसले. आई झोपेपर्यंत तिथेच बसून होते, ताट नेलं तर तिथेही जेवले नाहीत. मला म्हणाले, "विनिता, आजवर मी काही बोललो का?" नाही बोलले. म्हणून मला तुला लिहावं लागतंय.

फक्त सहा आठवडे. तुझ्याकडे ती गोंधळेल हे खरं आहे. इथेही गोंधळतेच. रंगकाम झाल्यावर, डिसेंबरात म्हणालीस तर मी तोवर थांबेन. पण थांब म्हण किंवा नाही म्हण, लवकर म्हण. डॉक्टरबाईंना तारीख सांगायची आहे.

तुला आणखी एक सवय हवी होती. सकाळी सगळे उठायच्या आत मी चहाचा कप घेऊन गच्चीच्या जिन्यात जाऊन बसते. दहा मिनिटं. तेवढ्या वेळात कोणाच्याही हाकेला ओ द्यायची नाही. तिथे काय करतेस असं विचारशील, तर रडते. ते एकदा उरकलं की दिवस निघतो.

ताई


नागपूर
८ ऑक्टोबर १९९८

ति. ताईस,
साष्टांग नमस्कार.

ऑपरेशनचं वाचून फार काळजी वाटली. पण तू घाई करू नकोस. हल्ली डॉक्टर ऊठसूट पिशवी काढायला सांगतात. माझ्या मोठ्या नणंदेलाही सांगितलं होतं, तिने आयुर्वेदिक घेतलं आणि दीड वर्षात सगळं आपोआप थांबलं. तुझीही पन्नाशी आलीच. औषधाचं नाव विचारून कळवते. बीट आणि खजूर रोज खात जा, रक्त वाढतं.

डिसेंबरात मला खरंच जमेल असं दिसत नाही. सदरामुळे महिला मंडळांची बोलावणी येत आहेत. अमरावती, चंद्रपूर, भंडारा, शब्द देऊन बसले आहे. परेशच्या बँकेत तेव्हा ऑडिट असतं, ते उशिरा येतात. आईला अशा वेळी कोणाच्या भरवशावर टाकू? मार्चनंतर मात्र नक्की बघू.

तुझ्या दहा मिनिटांवर लिहिलेला लेख आजवरचा सगळ्यात गाजलेला. 'सकाळची दहा मिनिटं, फक्त स्वतःशी गप्पा.' सत्तावीस पत्रं आली. रडण्याचं अर्थातच लिहिलं नाही.

रागावू नकोस, पण एक सांगते. तू सगळं अंगावर घेतेस. माणसाला 'नाही' म्हणायची सवय असावी. लोकांना आपण नाही म्हणत नाही तोवर ते मागत राहतात. पुढच्या रविवारचा लेख याच विषयावर आहे, कात्रण पाठवीन.

दिवाळीच्या शुभेच्छा. आईला नमस्कार.

तुझी
मीरा


(कार्ड)
माणिकपूर, २६ ऑक्टोबर १९९८

चि. मीरा, पत्र आणि कात्रण पोचलं. ऑपरेशन मार्चवर ढकललं आहे, ऋतिकाची परीक्षा झाली की बघू. डॉक्टरबाई बोलल्या, मी ऐकून घेतलं. नाही म्हणायला शिकावं हे तुझं पटलं. तुला ते चांगलं येतं. आई बरी आहे. — ताई


माणिकपूर
३० नोव्हेंबर १९९८

सौ. मीरा हिस,
श्रीरंगचे आशीर्वाद.

मी सहसा पत्र लिहीत नाही. विनिताला लिहिणं शक्य नाही म्हणून लिहीत आहे. कॅथरिनबाईंकडच्या फोनवर तुमच्याशी बोलणं झालं ते अर्धवट झालं, म्हणून सगळं क्रमाने कळवतो.

ता. १७ रोजी सकाळी विनिता माणिकपूरच्या बाजारात भाजी घेताना खाली पडली. रक्तस्राव फार होता. रिक्षावाल्याने आणि भाजीवालीने तिला इस्पितळात नेलं, मला कारखान्यात निरोप मिळाला तेव्हा तिला आत घेतलेलं होतं. त्याच दुपारी ऑपरेशन करावं लागलं. तीन बाटल्या रक्त दिलं. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "हेच सप्टेंबरात केलं असतं तर आठवड्यात घरी गेल्या असत्या." आता धोका नाही, पण अशक्तपणा फार आहे. बारा दिवसांनी काल घरी आणलं.

मधल्या काळात आईंना सांभाळण्याची आमची तिघांची वाटणी होती. मी रजा घेतली, पण मला बघितलं की त्या बिथरतात, म्हणून मी बहुतेक वेळ इस्पितळात असे. घरी ऋतिका आणि दुपारी कॅथरिनबाई. आईंना एकटं ठेवावं लागलं तर दाराला बाहेरून कडी लावायची अशी आमच्याकडे बऱ्याच दिवसांची पद्धत आहे. विनिताने ती तुम्हाला कळवली नसावी. ता. २१ रोजी ऋतिका डबा घेऊन इस्पितळात आली. घाईत कडी लावायची राहिली. अर्ध्या तासाने कॅथरिनबाई वर गेल्या तर दार उघडं आणि आई नव्हत्या.

आम्ही स्टेशन, बाजार, देवळं, चर्चचं आवार, रिक्षांचे थांबे, सगळं पाहिलं. पोलिसांत कळवलं. विनिताला कळू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मनुष्य स्टेशनजवळच्या रिक्षावाल्यांना विचारत आला की कोणाची म्हातारी हरवली आहे का. त्याचं नाव रामू. उमेळ्याच्या पुढे मिठागरावर तो आणि त्याची बायको हंसा काम करतात. आई तिथपर्यंत अनवाणी चालत गेल्या होत्या. मी पोचलो तेव्हा त्या झोपडीत पांघरूण घेऊन बसल्या होत्या, पायांना हळद लावलेली होती. हंसाबाई म्हणाल्या, "बांधावर बसून पानी मागत होती. पानी दिला, भात दिला. नाव विचारला तर सांगता येईना." त्यांनी काहीही घेतलं नाही.

आईंना आठवडाभर ताप होता, आता उतरला आहे. त्या कुठे निघाल्या होत्या ते समजलं नाही.

परेशरावांना नमस्कार.

श्रीरंग


नागपूर
१० जानेवारी १९९९

ति. ताईस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी सहाव्यांदा लिहायला बसले आहे. आधीची पाच फाडली, कारण प्रत्येकात मी काही ना काही कारण देत होते.

डिसेंबरात तिकडे यायचं तिकीट मी काढलं होतं. ते रद्द केलं. तुझ्यासमोर उभं राहायचं धैर्य झालं नाही, हे एकच कारण आहे.

रंगकाम झालं नाही, ताई. ठरलंच नव्हतं. परेशना मी आईबद्दल एकदाही विचारलं नाही. तुला वाटत असेल की ते नको म्हणतील म्हणून विचारलं नाही. ते हो म्हणाले असते. "आण की, एक खोली रिकामीच आहे," असं म्हणाले असते, आणि मग मला नाही म्हणायला काही उरलं नसतं. एकवीस वर्षं मी या घरात डबे भरले. पहिल्यांदा सकाळचे दोन तास माझे झाले होते, टेबल माझं झालं होतं. आई आली असती तर ते गेलं असतं. तुझ्या पत्रांत ती काय करते ते तू लिहीत होतीस. मी सवयी तेवढ्या उचलल्या आणि त्या का लागल्या ते वाचायचं टाळलं. वाचलं असतं तर यावं लागलं असतं.

श्रीरंगभावोजींचं पत्र परेशनी वाचलं. मला म्हणाले, "तू मला हे सांगितलं का नाहीस?" तेव्हापासून आमच्यात फारसं बोलणं नाही.

मी २० फेब्रुवारीला येते. आईला घेऊन जाते. सहा आठवडे नाही, तू म्हणशील तेवढे दिवस, कायमची म्हणालीस तरी. मागची खोली तिच्यासाठी केली आहे. डब्यांवर चित्रं लावली आहेत. आता माझी पाळी आहे, मला ती दे.

सदराचं पुस्तक करायचं म्हणताहेत. पहिल्या पानावर तुझं नाव घालावं असं मनात आहे. तू नको म्हणालीस तर पुस्तकच नको म्हणेन.

मीरा


माणिकपूर
३ फेब्रुवारी १९९९

चि. मीरा,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. खरं लिहिलंस, म्हणून मीही खरं लिहिते. ह्यांच्या पत्रातल्या दोन गोष्टी तशा नाहीत.

ऋतिका कडी लावायला विसरली नव्हती. तिने लावली नाही. इस्पितळात माझ्या उशाशी बसून मला म्हणाली, "आई, बाहेरून कडी लावली की आजी आतून दार वाजवते आणि 'अहो, कोणी आहे का' म्हणते. मला ते रोज ऐकवेना. एक दिवस नाही लावली." सतरा वर्षांची पोर. पूर्वपरीक्षेत दोन विषयांत नापास झाली आहे. वही उघडून बसते, पान उलटत नाही. तिला मी काय सांगणार? कडी मी लावायची. पहिल्यांदा लावली तेव्हा मीही अर्ध्या जिन्यातून परत येऊन ती काढली होती. पुढे सवय झाली.

आणि आई कुठे निघाली होती ते ह्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. हंसाबाईंना तिने सांगितलं होतं. पिशवीत एक पातळ आणि तुझ्या लेखाचं कात्रण होतं. बांधावर बसून ती विचारत होती, "नागपूरची वाट हीच ना? माझ्या लेकीने बोलावलंय." ह्यांनी तुला लिहिलं नाही, ते त्यांच्या स्वभावाने. मीही लिहिणार नव्हते.

तिला असं का वाटलं, ते माझ्यामुळे. सप्टेंबरात तुला पत्र टाकलं तेव्हा मला वाटलं होतं, तू हो म्हणशील. मी आईला सांगून टाकलं, "मीरा तुला न्यायला येणार आहे." ते ऐकून ती इतकी शांत झाली की तुझा नकार आल्यावरही मी ते म्हणत राहिले. जेवेना झाली की म्हणायचं, "जेव, मीरा येणार आहे." अंघोळीला नको म्हणाली की तेच. दिवसातून दहा वेळा, त्याच शब्दांत, त्याच आवाजात. माझ्या घरातली ही एक सवय तुला कळवायची राहिली. त्या सवयीने काम फार सोपं व्हायचं. ऋतिका तुझे लेख तिला वाचून दाखवायची, त्याने तिचा आणखी विश्वास बसला. तू आली नाहीस, तेव्हा ती निघाली.

आता तुझ्या येण्याचं. तू येऊ नकोस.

रागाने म्हणत नाही. राग आहे, तो कुठे जाणार नाही, पण कारण ते नाही. तापातून उठल्यावर ह्यांनी आईची खाट आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत खिडकीशी आणली, मला उठायला सोपं पडावं म्हणून. मी इस्पितळातून आल्यावर तिच्याजवळ जाऊन बसले. तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "मीरा, किती वाळलीस ग." मला वाटलं, एक-दोन दिवसांत जाईल. गेलं नाही. ती नागपूरला पोचली आहे. हे तुझं घर आहे आणि मी तू आहे. ह्यांना परेशराव म्हणते, ते आले की पदर सावरून बसते. ओरडत नाही. हे आता स्वतःच्या घरात सरळ आत येतात. ऋतिका शेजारची मुलगी आहे, अभ्यासाला येते.

ती जेवते, झोपते, औषध घेते. मी भरवलं की म्हणते, "तुझ्या हाताला चव आहे. विनिताच्या हाताला नव्हती." केस विंचरताना सांगते, "विनिता केस ओढायची." माझा हात धरून विचारते, "मला परत तिच्याकडे पाठवणार नाहीस ना?" मी नाही म्हणते. अकरा वेळा विचारलं तर अकरा वेळा नाही म्हणते. आठ वर्षं तिचं मी केलं म्हणून कधी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण तिला माहीत आहे असं धरून चालले होते. ते गेलं. कॅथरिन म्हणाली, "विनिता, तिला सुख लागलंय ना, मग कशाला शिणतेस?"

तू आलीस तर ती तुला ओळखणार नाही. कदाचित तुलाच विनिता समजेल आणि घाबरेल. तिच्या मनातली माझी जागा तुला देऊन मला काय मिळणार? आणि तुझ्याकडे जे सहा आठवडे मागितले होते ते मला सप्टेंबरात हवे होते.

पुस्तक जरूर कर. माझं नाव कुठेही घालू नको. आईचंही नको. लोकांना त्या सवयींचा उपयोग होत असेल तर होऊ दे, त्या खोट्या नाहीत. परेशरावांशी मात्र बोल.

एक शेवटचं सांगते आणि पुरे करते. गेल्या बुधवारी आई सकाळपासून मागे लागली, "विनिताला पत्र टाक, वाट बघत असेल." मी कागद घेतला. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. "चि. विनितास, अनेक आशीर्वाद. मी मीराकडे सुखरूप पोचले. वाटेत पाय दुखले, आता बरे आहेत. इथे माझं सगळं नीट करतात. तू मला कडी लावून ठेवायचीस ते मी मीराला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तूही कोणाकडे बोलू नकोस. तब्येतीला जप." खाली तिने स्वतः सही केली, 'आई' एवढंच, पण अक्षर अजून चांगलं आहे.

पाकीट पेटीत पडलेलं बघितल्याशिवाय ती ऐकेना. जिन्यात दोनदा बसवत तिला नाक्यापर्यंत नेली. पत्ता इथलाच घातला होता, दुसरा कोणता घालणार? शनिवारी पोस्टमनने ते आणून दिलं. ऋतिकाने दार उघडलं, पाकीट उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, "कोणाचं ग?"

मी म्हटलं, "आजीचं. नागपूरहून आलंय."

ताई